धुतलेला डबा

नवरा डबा धुऊन आणतो, याचा तिला इतका अभिमान होता की वर्कशॉपमध्ये ते कोणाला सांगायचं राहिलं नव्हतं. पेंटरला सांगून झालं, वेल्डरला सांगून झालं, टायरवाल्यांना तर दोनदा. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही, तो आता लांबच्या फेरीवरून येताना डबा लख्ख घासून, पुसून, झाकणं नीट बसवून आणत होता.

"माणूस बदलतो हो," ती म्हणायची.

पेंटर बसच्या पाठीवर आकडे रंगवता रंगवता मान न वळवता म्हणायचा, "बदलतो ना. पण एवढा?"

तिने तेव्हाच कान टवकारायला हवे होते. पण सुखाच्या गोष्टीत खोट काढायला कोणाला आवडतं?

ती डेपोच्या वर्कशॉपमध्ये बसची सीटकव्हरं शिवायची, म्हणून सगळे तिला कव्हरवाली म्हणत. पत्र्याच्या लांबलचक शेडच्या टोकाला तिचं जाड सुईचं मशीन, बाजूला रेक्झिनचे गुंडाळे आणि फोमच्या तुकड्यांचा ढीग. फाटलेल्या सीटच्या फटीत प्रवाशांचं काय काय सापडायचं, कंगवे, बटणं, एकदा तर कवळी. ती सगळं एका बरणीत ठेवायची आणि कोणी विचारत आलंच तर परत द्यायची. कवळीसाठी मात्र अजून कोणी आलं नव्हतं.

नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. डेपोत त्याला बादशहा म्हणत, कारण तो सीटवर बसायचा नाही, विराजमान व्हायचा. आधी पायरीवर उभा राहून सगळ्या आवाराकडे एकदा बघणार, मग आत शिरून बायकोने शिवलेली गादी हाताने चापटणार, मग आरसा, मग बाह्या, आणि मग कुठे गाडी सुरू. सकाळी निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचं, थोडी पाठ टेकून तीच गाडी घेऊन परत. त्याच्या जोडीला दुसरा ड्रायव्हर म्हणून पैलवान. एक जण चालवायचा तेव्हा दुसरा मागच्या फळीवर झोपायचा. पैलवानाने आयुष्यात कधी लंगोट कसला नव्हता. नुसत्या आकारावरून नाव पडलं होतं, आणि ती फळी त्याच्या खाली ज्या तऱ्हेने करकरायची ती ऐकून प्रवासी जागे होत.

सगळं सुरू झालं डेपोच्या दवाखान्यात. तिथली डॉक्टर वयाने मुलीसारखी आणि बोलायला सासूसारखी. तिने बादशहाचे कागद बघितले, चष्मा काढला आणि सरळ सांगितलं, "काका, साखर आणि रक्तदाब असेच राहिले, तर हिवाळा संपल्यावरच्या तपासणीला मी सही करणार नाही. तुमच्या मागे गाडीभर माणसं बसलेली असतात."

सही नाही म्हणजे स्टिअरिंग नाही. स्टिअरिंग नाही म्हणजे गेटवर शिट्टी घेऊन बसायचं आणि दुसऱ्यांच्या गाड्या मागे घ्यायला हात दाखवायचे. असा एक जुना ड्रायव्हर गेटवर होताच. तो कोणाशी भांडायचा नाही, तक्रार करायचा नाही, फक्त त्याच्या जुन्या मार्गावरची गाडी निघाली की तेवढ्यापुरता पाणी प्यायला आत जायचा. बादशहा त्या दिवशी घरी आला आणि जेवायला बसला तरी डोक्यावरची टोपी काढायला विसरला.

"काय खायचं ते सांगितलंय का?" तिने विचारलं.

"जमिनीतून उगवतं ते आणि झाडाला लागतं ते. मांस, अंडी, लोणी, तळलेलं, सगळं बंद. गाईम्हशी काय खातात ते बघ आणि तेच मला घाल."

"घालते," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने पदर खोचला.

डबा भरणं आणि सीट शिवणं यात तिला लवकरच फारसा फरक दिसेनासा झाला. आत काय भरायचं, ते किती दाबलं जाणार आणि ओल कुठून शिरणार, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की झालं. पण त्या कळायला आधी चुकावं लागतं. पहिल्या फेरीला तिने उकडलेले हरभरे गरम असतानाच डब्यात घालून झाकण दाबलं. त्यातलेच वाटीभर घरी तसेच झाकून राहिले होते, ते संध्याकाळी बघते तर आंबूस वास. नवरा तिकडे रस्त्यावर, उपाशी. पण तिसऱ्या दिवशी तो आला तो डबा धुऊन, आणि वर म्हणाला, "हरभरे एकदम झकास होते." ती गहिवरली. म्हणाली, किती मोठ्या मनाचा आहे, आंबलेलं खाल्लं पण मला बोलून दाखवलं नाही.

मग तिचा हात बसत गेला. गरम पदार्थ परातीत पसरून पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही. कोबीची पानं धुतली की पंच्याने टिपून कोरडी करायची. काकडी अख्खी द्यायची, चिरलेली काकडी तासाभरात रडायला लागते. लिंबू आधी पिळायचं नाही, फोड वेगळी द्यायची. पावात भरलेला घेवड्याचा लसूण-तिळाचा लगदा पहिल्या दुपारीच संपवायचा, हरभरेही त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसाला गाजरं, सफरचंदं आणि संत्री. संत्र्याला तर देवाने डबा शिवूनच पाठवलाय, असं ती म्हणायची. तिसऱ्या दिवसाला भाजलेले चणे, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया आणि खजूर. सगळं एका हाताने खाता येईल असं, कारण मधले थांबे म्हणजे गाडी उभी राहिली न राहिली एवढेच.

आणि मूग. भिजवलेले मूग ती सुती पिशवीत घालून भोकाच्या डब्यात ठेवून द्यायची. सकाळी निघताना मुका दाणा, दुसऱ्या दिवशी दुपारी मोड आलेला. गाडी पळते तिकडे आणि जेवण उगवतं इकडे, ही कल्पना तिला एवढी आवडली की ती मशीनवर बसल्या बसल्या एकटीच हसली. पिशवीही तिने स्वतः शिवली. बाहेरून सीटचं उरलेलं निळं रेक्झिन, मध्ये फोमचा थर, आत सुती अस्तर. उन्हात ठेवली तरी आतलं गार राहायचं.

पिशवी जायची भरलेली आणि यायची रिकामी, डबे चकचकीत. ती बघायची, हात फिरवायची आणि हिवाळा संपायची वाट बघायची.

हिवाळा अर्धाअधिक सरला होता तेव्हा एका दुपारी पैलवान तिच्या मशीनशी आला. काखेत गणवेशाच्या दोन पँटी.

"वहिनी, एवढ्या कंबरेला आत घेऊन द्या. पट्ट्याला भोकं पाडून पाडून त्याची चाळण झाली."

तिने टेप काढली आणि माप घेतलं. मग पुन्हा घेतलं. चांगली चार बोटं कंबर उतरली होती.

"भाऊजी, आजारी-बिजारी होतात का?"

"आजारी? थट्टा करता काय. तुमचीच कृपा." पैलवान फोमच्या ढिगावर ऐसपैस बसला. "तुमचे ते हरभरे काय, तो पाव काय. आणि मूग म्हणजे तर कमालच. मी तासातासाला झाकण उघडून बघतो किती वाढले. बादशहा म्हणतो, बाळंतपण करतोस काय त्यांचं."

तिच्या हातातली टेप तशीच लोंबत राहिली.

"आधी मी नाही म्हणत होतो," पैलवान सांगत होता. "पण बादशहा म्हणाला, वहिनीने खास तुझ्यासाठी भरलाय, नाही म्हटलंस तर तिला वाईट वाटेल. फक्त गाडीतच बसून खा, डबा आत नेला तर हॉटेलवाल्याला राग येतो म्हणाला. एकदा तेवढे हरभरे आंबले होते. ते टाकले मी. पण बोललो का? नाही बोललो."

"आणि डबा?"

"तो मी धुऊनच देतो की. आई सांगायची, कोणाचा डबा खरकटा परत करू नये." तो मग रेक्झिनच्या गुंडाळ्याकडे बघत बोलला. "खरं सांगू का वहिनी, आई गेल्यापासून माझ्यासाठी कोणी डबा भरला नव्हता. पहिल्या दिवशी मला तो उघडवेना."

भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. नवऱ्याने एकाही आठवड्यात पँट आत घ्यायला दिली नव्हती. उलट मागल्याच आठवड्यात कंबरेचं बटण तुटून आलं होतं आणि तिने ते दोरा बदलून लावून दिलं होतं. रोज मापं घेणारी बाई, आणि घरातलं माप चुकली. समोर बसलेला हा आयत्या बिळावरचा नागोबा, पण त्याच्यावर रागावणार कशी? त्याने डबा घासून दिला होता, आंबलेले हरभरे पोटात ठेवले होते, म्हणजे ठेवले नव्हते, पण ती गोष्ट ठेवली होती. ती मूग गिळून गप्प बसली आणि त्याच्या दोन्ही पँटी तिने तिथल्या तिथे आत घेतल्या. शिवण दोनदा चुकली.

संध्याकाळी नवरा घरी बूट पॉलिश करत बसला होता. तिने डबा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हा तुम्ही कशाने घासता हो?"

"कशाने म्हणजे? साबणाने."

"कुठल्या?"

"आपला तो... साबण. असतो ना साबण."

"आज मी पैलवान भाऊजींची कंबर चार बोटं आत घेतली."

बुटावरचा ब्रश थांबला. बाहेर कोणीतरी सायकल लावली, कुलूप लावलं, जिना चढून गेलं, तरी तो ब्रश हलला नाही.

"त्या बिचाऱ्याला खोटं सांगितलंत. मला खोटं सांगितलंत. आंबलेले हरभरे झकास होते म्हणालात. मी इकडे सगळ्या वर्कशॉपला सांगत सुटले."

तो बोलला तेव्हा बुटाशीच बोलला. निम्म्या वाटेवर एक हॉटेल होतं. गाडी तिथे थांबवली की ड्रायव्हरचं जेवण हॉटेलकडून. स्वयंपाकघराच्या मागे एक लांब टेबल फक्त ड्रायव्हरांसाठी राखलेलं. प्रवाशांच्या आधी तिथे ताटं येत, न मागता, तेलाचा तवंग आलेला रस्सा, लोण्यात भिजलेला पाव, वर तळलेलं काहीतरी.

"मी गेलो की लोक सरकून जागा देतात," तो म्हणाला. "इतकी वर्षं देतात. तिथे डबा उघडला की पहिला प्रश्न, काय झालं रे? आणि एकदा सांगितलं की मी बादशहा नाही, पेशंट. पुढच्या फेरीपर्यंत सगळ्या रस्त्याला कळतं. पहिल्या वेळी मी गाडीतच बसून खायचं ठरवलं होतं, तुझी शपथ. पण काचेतून ते टेबल दिसत होतं. माझी जागा रिकामी होती. मला बसवेना."

तिचा राग एवढा वेळ उकळत होता, तो यावर थोडा खाली बसला. पूर्ण नाही.

"ती जागा तुम्हाला स्टिअरिंगमुळे आहे. स्टिअरिंग गेलं की टेबल कुठे राहतंय?"

"मला कळत नाही का ते?"

"कळतं. पण वळत नाही." ती त्याच्या समोर बसली. "गेटवर शिट्टी घेऊन बसलात तर मी रोज दुपारी येऊन शेजारी बसेन. त्याची मला भीती नाही. तुम्ही घाटात असाल, मागे माणसं झोपलेली असतील, आणि तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, त्याची भीती वाटते. तुम्ही निघालात की परत येईपर्यंत वाटते. डबा भरला की जरा कमी व्हायची. तेवढाच आधार होता, तोही तुम्ही काढून घेतलात."

त्याने दुसरा बूट उचलला, पण पॉलिश करायचं राहूनच गेलं.

पुढच्या फेरीच्या सकाळी ती निळी पिशवी घेऊन डेपोत फलाटाशी गेली. सामान चढत होतं, प्रवासी खिडक्यांवरून भांडत होते. बादशहाने सवयीने हात पुढे केला. तिने पिशवी त्याच्या हातावरून नेऊन पैलवानाला दिली.

"भाऊजी, हा तुमचा डबा. गाडीत एकट्याने बसून खायचं नाही. टेबलावर सगळ्यांत बसून खा. हॉटेलवाल्याला राग आला तर माझं नाव सांगा."

"आणि माझा?" बादशहा म्हणाला.

"तुमचा बंद. मला कापड वाया घालवायची सवय नाही."

गाडी गेली. ती शेडमध्ये परतली आणि दिवसभर तिला स्वतःचाच राग येत राहिला, कारण तिसऱ्या दिवसापर्यंत तो काय खाणार हे तिला अगदी नीट दिसत होतं.

तो परत आला तेव्हा आल्या आल्या रस्त्याचं बोलला. मग टायरचं. मग एका पुलाचं काम निघालंय त्याचं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस ती ओळखून होती, तिने नुसतं हं हं केलं.

"पैलवानाने टेबलावर डबा उघडला," तो शेवटी म्हणाला.

"बरं."

"सगळे हसले. बकरीचा चारा म्हणाले. तर हा उठून उभा राहिला आणि पट्टा काढून सगळ्यांना भोकं दाखवली. मग कोणी हसेना. गुडघे धरलेला तो म्हातारा ड्रायव्हर आहे ना, तो म्हणाला, बघू रे जरा. त्याने घेतलं, त्याच्या शेजारच्याने घेतलं. कोणी केलं विचारलं, तर हा म्हणाला वहिनीने. कोणाच्या वहिनीने? मला राहवेना. मी म्हणालो, माझ्या बायकोने केलंय."

"मग?"

"मग सगळे माझ्या ताटाकडे बघायला लागले. म्हणे, घरी अशी बायको असताना तू हे काय खातोस?" तो थांबला. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्यात हात घातला तर तळाला एक लिंबाची फोड राहिली होती."

ती हसली नाही, महत्प्रयासाने. महिनोन्‌महिने तिने आणि डॉक्टरने डोकं फोडलं होतं ते वाया, आणि टेबलावरच्या एका प्रश्नाने काम केलं. कान सोनारानेच टोचावे लागतात, दुसरं काय.

"पुढच्या वेळी माझा वेगळा दे," तो म्हणाला. "आणि जरा जास्त दे. ते लोक हात घालतात."

पुढच्या फेरीला तिने दोन पिशव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही परत आल्या. एकीतला डबा लख्ख, झाकणं नीट बसवलेली. दुसरीतला उघडला आणि ती स्वयंपाकघरात उभीच राहिली. तळाला घेवड्याचा लगदा वाळून चिकटला होता, कोपऱ्यात दोन हरभरे, लिंबाच्या बिया, अर्धवट चावलेलं गाजराचं बूड आणि मुगाची सुती पिशवी तशीच ओलीगच्च कोंबलेली. वासही येत होता. एवढं घाणेरडं भांडं तिच्या घरात कधी आलं नव्हतं. तिने ते दोन्ही हातांत धरलं, आणि तिचे डोळे भरून आले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा डबा निम्मा भरलेला परत आला आणि त्याने स्वतःहून कबूल केलं की टेबलावर तळणाचा वास आला आणि मन गेलं. तिने पुढच्या वेळी लसूण वाढवला. एका फेरीनंतर त्याने पट्टा घेऊन सुतारकामाच्या पेटीतला दाभण शोधला. तिने तो न मागता पुढे केला.

तपासणीच्या दिवशी ती दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसली. डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला, हवा सोडली, पुन्हा बांधला. रक्ताचा कागद बघितला. बादशहा भिंतीकडे बघत होता आणि त्याचे हात मांडीवर आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे झाले होते.

"काका, पूर्ण खाली आलेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "पण उताराला लागलंय, आणि मला एवढ्याची आशा नव्हती. सही करते. सहा महिन्यांनी परत यायचं." मग तिने पेन टेकवता टेकवता विचारलं, "केलंत काय नक्की?"

"हरभरे," बादशहा म्हणाला. "त्यात लिंबू आधी पिळायचं नसतं. लोकांना माहीत नसतं." आणि आयुष्यभर स्वयंपाकघरात न शिरलेल्या त्या माणसाने डॉक्टरला परात पसरण्यापासून सगळं समजावून सांगितलं. ती बाकावर बसून ऐकत राहिली. एका ठिकाणी तो चुकला, पण तिने त्याला टोकलं नाही.

सही झाल्यानंतरच्या पहिल्या फेरीवरून तो परत आला आणि डबा ओट्यावर आदळून बूट घेऊन बसला. तिने झाकण काढलं. लगदा तळाला दगडासारखा धरून बसला होता.

"अहो, निदान पाणी तरी घालून आणत जा. खडखडीत वाळतं हे."

"धुऊनच आणणार होतो," तो ब्रश फिरवता फिरवता म्हणाला. "पण म्हटलं, तुला वाटायचं मी खाल्लंच नाही."

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. तो मान खाली घालून बूट चमकवत होता, आणि गणवेशाची कंबर त्याच्या मागे चांगली सैल लोंबत होती. ती उद्या आत घ्यायची होती. तिने डब्यात पाणी ओतलं, तो बाजूला भिजत ठेवला, आणि पुढच्या फेरीचे मूग निवडायला घेतले.